दिवाळीनंतर बिघडणारी बॅट

मला चारचौघांत बोलता येत नाही. कोणी नुसतं नाव विचारलं तरी पदराचं टोक हातात येतं आणि मान खाली जाते. पण माणूस गप्प बसला म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं लोक धरून चालतात, ते खोटं आहे. रंगाच्या एका रिकाम्या डब्यावर बसून मी इतकी वर्षं मुलींच्या बॅटसमोर चेंडू टाकले, आणि चेंडू टाकता टाकता मनात कोणा ना कोणाला तरी सोलून काढलं. तोंडावर कधी बोलले नाही. आता कामावरून मोकळी झाले आहे, हात रिकामा आहे, म्हणून थोडं लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली. एवढं लिहायला तेवढी पुरते.

पेणला मुलींच्या एका शाळेत मी झाडलोटीला आणि पाण्याच्या कामाला होते. त्याआधी गणपतीच्या कारखान्यात होते. तिथं माझं काम कारागिराला मातीचे गोळे पुरवायचं. कारागीर मूर्तीवरची नजर काढत नाही. हात तेवढा बाजूला करतो आणि गोळा नेमका तळव्यात येऊन बसला पाहिजे अशी त्याची अपेक्षा असते. जोरात टाकला तर चपटा होतो, लांब पडला तर ओरडा बसतो. ओरडा नको म्हणून मी टाकायला शिकले. शाळेत सॉफ्टबॉल शिकवायला मोकल सर होते. एकदा मी व्हरांडा झाडत असताना त्यांचा चेंडू घरंगळत आला. मी उचलून टाकला. सर दुसरीकडे बघून कोणाला तरी रागावत होते, हात नुसता बाजूला होता, चेंडू हातात जाऊन बसला. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "काकी, परत एकदा टाका बघू."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण सरांचा खांदा कामातून गेला होता आणि त्यांना टाकणारं माणूस हवं होतं. तेव्हापासून माझा झाडू कोपऱ्यात आणि मी डब्यावर. कागदोपत्री मात्र शेवटपर्यंत झाडूच.

सॉफ्टबॉल म्हणजे काय, हे पेणमध्येसुद्धा अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. क्रिकेटसारखंच, पण चेंडू मोठा, टाकणारी तो खालून हात फिरवून टाकते, आणि बॅट चपटी नसून मुसळासारखी गोल. चेंडू मारायचा आणि पळत पहिल्या बेसवर जायचं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, आणि फिरून घरी. घरी आली की एक धाव. मारलेला चेंडू पकडून तुमच्याआधी बेसवर पोचवला की तुम्ही बाद. खेळ एवढाच आहे. बायकांना समजायला सोपा आहे, कारण सगळी धडपड घरी परत यायची आहे.

गोल बॅटनं गोल चेंडू मारायचा तर बॅट नीट फिरली पाहिजे. ताकद हातात नसते. ती मागच्या पायाच्या टाचेपासून निघते, कमरेत येते, मग छाती वळते आणि हात सगळ्यांच्या शेवटी येतात. दार बिजागरीवर फिरतं तसं अंग फिरायला हवं, आणि बॅट चेंडूच्या उंचीवर येऊन जरा वेळ त्याच रेषेत राहायला हवी. एवढं जमलं की झालं. हे एवढं करून घेण्यासाठी जी सोंगं करतात त्यांना ड्रिल म्हणतात.

पहिलं टीचं. लोखंडी पत्र्यावर गाडीच्या रबरी पाइपाचा तुकडा उभा करायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. चेंडू हलत नाही, पळत नाही, कोणाला फसवत नाही. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं, म्हणून मुलींना नको असतं. दुसरं माझं. मी बाजूला जाळीच्या आडोशाला बसायचं आणि चेंडू हलकेच तिच्या पोटासमोर टाकायचा. तिसरं एका गुडघ्यावर बसून मारायचं; पाय बांधले गेले की हात काय गुण उधळतात ते दिसतं. चौथं जाळीजवळ उभं राहून नुसती बॅट फिरवायची. हात फाकले की बॅट जाळीत अडकते. पाचवं काखेत रुमाल धरून मारायचं. कोपर लांब गेलं की रुमाल पडतो. सरांनी हे एका शिबिरातून आणलं. मुलींनी रुमाल असे गच्च धरले की रुमाल कुणाचा पडला नाही, आणि चेंडूही कुणाचा गेला नाही.

मला सगळ्यात हसू येतं ते आकडेवाल्यांचं. "सर, माझे दोनशे झाले." कोणी विचारतं का, दोनशे कसले? दोनशे वेळा टीच्या रबरावर बॅट आपटली. रबर फाटलं, आणि पोरगी घाम पुसत आईला सांगतेय की आज खूप प्रॅक्टिस झाली. आई लगेच केळं सोलून देते.

आयांची एक वेगळीच जात असते. दहावीला खेळाचे गुण मिळतात म्हटल्यावर त्या जूनमध्ये उगवतात. "सर, हिला खेळायला नाही घेतलं तरी चालेल, टीममध्ये नाव तेवढं असू द्या." अशी एक मुलगी वर्षभर पाण्याच्या बाटल्या भरत होती. मी तिला एकदा बॅट दिली तर म्हणाली, "नको काकी, नखं तुटतात."

बापांचं दुखणं आणखी निराळं. रोह्याच्या कंपनीतले एक साहेब पेणला राहायला आले. मुलगी ईशा, सातवीत. साहेब रजा टाकून मैदानावर यायचे, मोबाईल काठीला लावायचे आणि मुलीची बॅट कशी फिरते त्याचं चित्र हळू करून बघायचे. त्यावर रेघा काढायचे. कोपराची रेघ, गुडघ्याची रेघ. एकदा मला म्हणाले, "मावशी, तुमचा चेंडू दोन इंच आत येतोय." मी जमिनीकडे बघितलं. मनात म्हटलं, बाबा, तू आलास तिथून दोन इंच मागं सरक, पोरीला तुझी सावली लागतेय.

ईशाला चेंडू लागतच नव्हता. सरांनी मला चेंडूंवर रंगाचे ठिपके काढायला सांगितले. तांबडे, पिवळे, हिरवे. कारखान्यातून उरलेले रंग आणून मी काढले. चेंडू येताना ठिपक्याचा रंग ओरडून सांगायचा आणि मग मारायचा, म्हणजे नजर चेंडूवर राहते. ईशा प्रत्येक वेळी ओरडायची, "लाल!" पिवळा टाकला तरी लाल, हिरवा टाकला तरी लाल. मला वाटलं, हिला रंगच दिसत नसतील, बिचारी. मला वाईट वाटलं. शेवटी समोर उभी असलेली मुलगी म्हणाली, "काकी, ती डोळेच मिटते."

सरांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मिटत नाही, पापणी लवते." मग त्यांनी काठी पुढं आणून डोळ्यांचं चित्र काढलं, हळू करून पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यात चष्मा घेऊन आले. खेळाडूंचा, रबरी पट्ट्याचा. ईशानं तो लावला आणि आत डोळे मिटून बॅट फिरवली. "लाल!"

ती पोरगी आता मोठी झाली. बाजारात भेटली की लांबूनच विचारते, "काकी, कुठला रंग?" मी म्हणते, "लाल." तेवढं एक बरं झालं त्या सगळ्यातून.

आता दर्शनाचं.

दर्शना गडबच्या आतल्या अंगाच्या एका गावातून एसटीनं यायची. घरी भातशेती. अंगानं काटकुळी, पण तिच्या बॅटला लागलेला चेंडू शाळेच्या कंपाउंडापलीकडच्या गटारात जायचा. गटारातून चेंडू काढणं माझं काम, त्यामुळे ती कशी मारते हे मला पक्कं ठाऊक. ती आकडे मोजायची नाही. हसायची नाही. चुकली तर स्वतःलाच म्हणायची, "कुठं बघत होतीस गो?"

तिच्यात एकच खोट होती, आणि ती एकट्या तिच्यात नव्हती. आमच्याकडच्या शेतावरच्या सगळ्या पोरींत ती होती, आणि ती वर्षातून एकदाच निघायची, दिवाळीच्या सुट्टीनंतर. माझं माहेरही त्याच पट्ट्यातलं. दिवाळीच्या आसपास भात कापून खळ्यावर येतं आणि झोडणी सुरू होते. पेंढी दोन्ही हातांत धरायची, डोक्यामागं न्यायची आणि तिरप्या फळीवर दणकन आपटायची. दाणे उडून पडतात, पेंढा हातात राहतो. पुन्हा दुसरी पेंढी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. हात, पाठ, कंबर, सगळ्यांना तेच वळण लागतं. मग सुट्टी संपली की या पोरी मैदानावर येतात, बॅट हातात घेतात आणि चेंडूवर वरून खाली अशी आणतात की जणू चेंडूतून दाणे काढायचे आहेत. चेंडू जमिनीत. पुन्हा जमिनीत. मी आणि सर त्यांना सरळ करत बसायचो ते नाताळपर्यंत. सगळं वर्ष शिकवायचं आणि दिवाळीला पुसून टाकायचं, असा आमचा धंदा.

दर्शना दहावीत गेली त्या वर्षी तिचे वडील, हरीभाऊ, शाळेच्या फाटकात सरांना भेटले. मी पाणी भरत होते. हरीभाऊ म्हणाले, "सर, लय झाला खेळ. रोह्याला ती जिल्ह्याच्या संघाच्या निवडीची चाचणी हाय ना, त्यात निवडली तर अकरावीला पेणात घालतो, खेळू दे. नाय निवडली तर तिचा मामा कोलाडला हॉटेल चालवतो. त्याला घरचं माणूस हवंय. भाकऱ्या करंल, गिऱ्हाईक बघंल."

"निवडणारच," सर म्हणाले.

"मग बरं," हरीभाऊ म्हणाले आणि गेले.

सर नेहमी असंच म्हणतात. 'निवडणारच', 'जिंकणारच', 'पाऊस थांबणारच'. चांगला माणूस, पण तोंडाला ब्रेक नाही. चाचणी होती दिवाळीची सुट्टी संपताच. म्हणजे झोडणीच्या पाठोपाठ. हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते दर्शनाला म्हणाले, "या सुट्टीत झोडणीला हात लावायचा नाही."

"मग झोडणार कोण?" दर्शनानं विचारलं.

"मशीन नाही का येत?"

"गडबपर्यंत येतं सर. आमच्या खळ्याकडं वाट नाय त्याला."

सरांनी डोकं खाजवलं. आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. सरांना कल्पना सुचली की निस्तरायला मी असते. ते म्हणाले, "आपली सगळी टीम येईल झोडायला. दर्शना मागं प्रॅक्टिस करेल. काकी चेंडू टाकतील. दोन दिवसांत सगळं भात झोडून होईल. सहकार्य! टीमवर्क!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. पेणच्या मुली. भात ताटात बघितलेला.

ठरल्या दिवशी टेम्पोतून दहा मुली, मी, डबा, टी आणि चेंडूंची पिशवी असे खळ्यावर उतरलो. सरांना वडखळला कोणाला भेटायचं होतं, ते आम्हांला सोडून निघून गेले. मुलींनी टोप्या घातल्या होत्या, तोंडाला पांढरं मलम फासलं होतं. हरीभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"या झोडणार?"

कॅप्टन रिद्धी पुढं झाली. "काका, सोप्पं आहे. बॅटसारखंच."

"मग घे," हरीभाऊंनी तिच्या हातात पेंढी दिली.

रिद्धीनं पेंढी बॅटसारखी खांद्यावर घेतली, कमरेतून वळली आणि आडवी फिरवली. मी शिकवलेलं सगळं बरोबर केलं तिनं. टाच, कंबर, छाती, हात. पेंढी फळीच्या वरून गेली, सुटली आणि दर्शनाच्या आजीच्या अंगावर जाऊन पडली.

"आगो बाय," दर्शनाची आई हसू दाबत म्हणाली, "भात काढतेस का सासूला मारतेस?"

"आता मी काय केलंय तिला?" आजी पेंढी झटकत म्हणाली.

मी दर्शनाला घेऊन घरामागं गेले. शेवग्याला जुनं जाळं बांधलं, डबा टाकला आणि चेंडू टाकायला लागले. पहिले काही चेंडू तिनं छान मारले. पण तिचा एक कान खळ्याकडं. पेंढी नीट आपटली की खण्ण आवाज येतो, दाणे उडतात त्याचा. खळ्यावरून येत होता तो नुसता भस्स भस्स.

"काकी, ऐका ना. अर्धं भात पेंढ्यातच राहतंय."

"तू चेंडू बघ."

"बघतेय."

चुकली. पुढचाही चुकली. खळ्यावर कोणीतरी किंचाळलं, डोळ्यांत कुसळ गेलं होतं. दर्शनानं बॅट शेवग्याला टेकवली.

"काकी, आमच्या घरी आलेल्या पोरी राबणार आणि मी मागं चेंडू मारणार? बरं दिसतं व्हय?"

मला सांगायला हवं होतं की बरं दिसण्याचा प्रश्न नाही, कोलाडच्या हॉटेलचा प्रश्न आहे. पण मी त्याच पट्ट्यातली लेक आहे. पाहुण्याला कामाला लावून घरचं माणूस बसलंय, हे मलाही बघवत नव्हतं. मी डब्यावर बसून राहिले. ती खळ्यावर गेली.

मी मागून गेले तेव्हा ती मधोमध उभी होती. "रिद्धी, वर ने. अजून वर. डोक्यामागं. आता खाली आण, कंबर वळवू नको, वाकव." खण्ण. सगळ्या मुलींच्या तोंडून एकदम 'ओ' निघालं. मग दुसरी, तिसरी. पोरी खेळाडू होत्या, एकदा अंगात शिरलं की पटापट उचललं. जेवणानंतर तर सगळ्या एका ओळीत उभ्या राहून एकाच ठेक्यात झोडत होत्या. मधेच दर्शना ओरडायची, "पेंढी बदला!" आणि दहाच्या दहा हात पेंढा फेकून नवी पेंढी उचलायचे. हरीभाऊ बिडी विझवून बघत उभे राहिले.

संध्याकाळी सर आले. ती रांग बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा! याला म्हणतात टीम." त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं मी दिवाळीनंतरच्या बॅटा सरळ करत आले होते, आणि तेच सर आपल्या हातानं अख्ख्या टीमला झोडणीला लावून टाळ्या वाजवत होते. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. सरांना वाटलं मला जांभई आली. "काकी दमल्या," ते म्हणाले. "पोरींनो, उद्या पण येऊया ना?"

"हो!"

दुसऱ्या दिवशीही आलो. चेंडूंची पिशवी टेम्पोतून खाली उतरलीच नाही. भात मात्र सगळं झोडून झालं.

चाचणी रोह्याच्या बाहेर एका उघड्या मैदानावर होती. पाऊस संपून ऊन लागलेलं, जमीन दगडासारखी टणक. बऱ्याच शाळांच्या मुली होत्या. आमच्या मुली सराव करायला उभ्या राहिल्या आणि मी चेंडू टाकायला बसले. रिद्धीनं बॅट उचलली. डोक्यामागं नेली. खाली आणली. चेंडू माझ्या डब्यावर येऊन आदळला.

"रिद्धी!" सर ओरडले.

"सर, हात तसेच जातायत."

दुसरी. चेंडू जमिनीत. तिसरी. जमिनीत. त्यात तळव्यांना फोड आलेले, बॅट धरवत नव्हती. सर एकेकीला पकडून कंबर वळवून दाखवत होते. "दार! बिजागरी! दार कसं उघडतं?" सरांचं स्वतःचं दार त्या दिवशी उघडलं आणि बाहेर काय आहे ते त्यांना दिसलं. ते माझ्याकडे आले आणि शेजारी मातीत बसले. "काकी, तुम्ही काही बोलला का नाहीत हो?" मी चेंडू पुसत राहिले.

दुसऱ्या शाळेच्या मुली आमच्याकडे बघून हसत होत्या. "ए, झोडणी संघ आला!" कोणीतरी म्हणालं. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या घरी तेच चाललं असणार, पण बाहेर आल्यावर कोण कबूल करतं.

हरीभाऊ मोटरसायकलवर आले होते, मागं कोलाडचा मामा. मामा गोरा, गोल, हातात अंगठ्या. त्यानं दर्शनाला विचारलं, "भाकरी मोठी थापतेस का बारकी? आपल्याकडं ड्रायव्हर लोक येतात, मोठी लागते." दर्शना हातमोजे घालत होती. फोडांवर चिंधी बांधून वरून हातमोजे.

निवड करायला खुर्च्यांवर तिघंजण बसले होते. दर्शनाचं नाव पुकारलं. चेंडू टाकणारी पोरगी उंच होती, तिचा हात गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरायचा. पहिला चेंडू आला. दर्शनाची बॅट डोक्यामागून खाली आली, फळीवर पेंढी यावी तशी. चेंडू तिच्या पायापुढं टणक जमिनीवर आदळला आणि सरळ आकाशात गेला. सगळ्यांनी माना वर केल्या. पकडायला तिघी धावल्या आणि खाली उभ्या राहून वाट बघत बसल्या. चेंडू खाली येईपर्यंत दर्शना पहिल्या बेसवर उभी होती.

लोक हसले. तिची पुन्हा पाळी आली. पुन्हा तेच. चेंडू जमिनीत, मग वर, आणि दर्शना बेसवर. तिसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मी बघितलंच नाही, तोंड फिरवलं. बघायला लाज वाटत होती. माझ्या डब्यासमोर वाढलेली मुलगी आणि असं मारतेय.

खुर्चीवरच्यांनी नावं वाचली. दर्शनाचं नाव नव्हतं. आमच्या शाळेतून कोणाचंच नव्हतं. एक जण सरांना समजावत होते, "मुलगी पळते छान. पण याला मारणं म्हणत नाहीत." खरं सांगायचं तर मी खुर्चीवर असते तरी तिला निवडलं नसतं. ते मारणं वाईटच होतं. मी त्या निवडणाऱ्यांवर रागावू शकले नाही, आणि त्याचाच मला राग आला.

सर हरीभाऊंकडे जायला घाबरत होते. मी पिशवी आवरत होते, हरीभाऊ माझ्यापासून चार पावलांवर. त्यांच्या शेजारी आयोजकांपैकी एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ चहा पीत होते. हरीभाऊ कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते हसत हसत म्हणाले, "बघितलं का ती पेणवाली? भात झोडत होती बॅटनं. खळ्यावरून उचलून थेट मैदानात आणलीय."

हरीभाऊंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"मग? भात खाता ना तुम्ही?"

"अहो, तसं नाही, गंमत..."

"तीनदा मारलं तिनं. तीनदा पोचली का नाय त्या बेसावर?"

"पोचली हो. पण मारायची एक पद्धत असते."

"आमच्याकडं भात निघालं की झालं," हरीभाऊ म्हणाले. "पेंढी कशी उचलली ते कोण बघत नाय."

टोपीवाले चहा घेऊन दुसरीकडे गेले. मामा पुढं आला. "चल भावजी, निघूया. तिची पिशवी घेऊ दे. उद्यापासनं..."

"तू जा कोलाडला. ही येत नाय."

"अरे, पण निवडली नाय ना? तूच बोलला होतास."

"बोललो होतो. ती हरली असती तर पाठवली असती. हरली कुठं? हे हसले. अकरावीला घालणार मी तिला आणि खेळवणार. बघतो कोण हसतो ते."

"भावजी, डोकं फिरलं काय? मी माणूस सोडला कालच्याला!"

"दुसरा बघ."

मी पिशवीचं तोंड बांधत होते ते तसंच हातात राहिलं. या माणसाला शिक्षणाची किंमत कळली, मुलीचं मन कळलं, असं काही नाही. झोडणीला हसले, एवढंच त्याला लागलं. उद्या कोणी त्याच्या बैलाला हसलं असतं तर त्यानं बैलालाही अकरावीला घातलं असतं. पण चांगल्या कारणांनी मुली शिकवणारे बाप मी भाषणांतच जास्त ऐकलेत. मला हे चाललं.

दर्शना माझ्याकडे आली, हातमोजे काढत. चिंधी लाल झाली होती. तिला बापाचं बोलणं ऐकू गेलं असणार, पण विचारलं तिनं भलतंच.

"काकी, वाईट मारलं ना?"

"वाईट."

"तीनदा."

"तीनदा वाईट."

ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं, तेही एवढ्या मोठ्यानं की मामा वळून बघायला लागला. "उद्या डबा आणाल मैदानावर?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

ती अकरावीला पेणला गेली, आता कॉलेजात आहे आणि खेळते आहे. मारते चांगलं, दिवाळीपर्यंत. सरांनी त्या प्रकारातून धडा घेतला म्हणावं तर तसंही नाही. त्यांच्या मनानं घेतलं की वरून मारलेला चेंडू उंच जातो हे एक तंत्रच आहे. त्यांनी मैदानात एक तिरपी फळी आणि पेंढ्याचे भारे आणून ठेवले. आता दुसऱ्या शाळांचे सर येऊन मोबाईलवर चित्र काढून नेतात. पेणच्या भर मैदानात पोरी पेंढा झोडतायत, त्यातून एक दाणा पडत नाही, आणि त्याला ड्रिल म्हणतात. चित्र काढणाऱ्यांतल्या एकानंही मला विचारलं नाही की चांगली मारणारी पोरगी पुन्हा सरळ व्हायला नाताळ का उजाडतो.

मी शाळेतून सुटले तेव्हा शाल आणि नारळ दिला. मुख्याध्यापिकाबाई बोलल्या की काकींमुळे शाळेचा व्हरांडा आरशासारखा असायचा. सर बोलायला उठले आणि त्यांना रडू आलं, म्हणून चेंडूंचं राहूनच गेलं. मी उत्तरादाखल दोन शब्द बोलावेत असं सगळ्यांनी म्हटलं. मी नमस्कार केला आणि बसले. डबा मात्र मी मागून घेतला. कोणाला नको होताच.

या वर्षी दिवाळीआधी मी सहज मैदानावर गेले होते, तेव्हा हरीभाऊंनी सरांना फोन केला. सरांनी तो मला ऐकवायला मोठ्या आवाजावर ठेवला.

"सर, भात तयार हाय. पोरी कधी पाठवताय?"

सर माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही. दरवर्षी हेच चाललंय. हरीभाऊंना फुकटची माणसं, पोरींना सहल, सरांना टीमवर्क, आणि कामावरून सुटले तरी सरळ करायला मी.

तरी टेम्पो आला तेव्हा मी डबा चढवला. खळ्यावर दर्शना आधीच उभी होती, डोक्याला फडकं बांधून. तिनं माझ्या हाताकडे बघितलं.

"काकी, चेंडू?"

"नाय आणले."

"का?"

मी डबा सावलीत उलटा केला आणि बसले. "झोड आधी. मग बघू नाताळपर्यंत."